कॅनबेराचे शिल्पकार वॉल्टर बर्ली ग्रिफिन : जिंकलेला आराखडा आणि उभे राहिलेले शहर

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात भारताची राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलविण्याची घोषणा झाली. नव्या दिल्लीसाठी कोणतीही स्पर्धा घेण्यात आली नाही. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि एडविन लुट्यन्स व त्यांच्या सहकाऱ्यांकडे काम सोपविले. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतील शिकागो शहरात एक तरुण वास्तुविशारद आणि त्याची पत्नी आणखी एका नव्या राजधानीचा आराखडा कागदावर उतरवीत होते. ही राजधानी ऑस्ट्रेलियाची होती आणि तिच्यासाठी जगभरातील रचनाकारांना स्पर्धेचे निमंत्रण देण्यात आले होते. त्या तरुणाचे नाव वॉल्टर बर्ली ग्रिफिन. स्पर्धा त्यांनी जिंकली. मात्र जिंकलेला आराखडा आणि प्रत्यक्षात उभे राहिलेले शहर यांत जे अंतर पडले, त्यानेच त्यांच्या पुढील आयुष्याला दिशा दिली. या आयुष्याची अखेर ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत नव्हे, तर भारतात, लखनौ येथे झाली.

शिकागोतील जडणघडण

ग्रिफिन यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८७६ रोजी इलिनॉय राज्यात, शिकागोनजीकच्या मेवूड या गावी झाला. झाडे, बागा आणि भूरचना यांची ओढ त्यांना लहानपणापासून होती. १८९३ मध्ये शिकागोत भरलेले जागतिक प्रदर्शन या भागातील साऱ्या तरुण पिढीसाठी एक मोठा अनुभव ठरला. स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्म परिषदेत भाषण केले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. तलावाकाठी, ठरावीक अक्षांवर मांडलेली भव्य इमारतींची ती नगरी तात्पुरतीच होती. तरीही एखादे संपूर्ण शहर एकाच विचाराने रचता येते, हे तिने दाखवून दिले.

१८९९ मध्ये इलिनॉय विद्यापीठातून वास्तुकलेची पदवी घेतल्यानंतर ग्रिफिन शिकागोत काम करू लागले. १९०१ पासून त्यांनी विख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या ओक पार्क येथील कार्यालयात काम केले आणि १९०६ मध्ये स्वतःचा व्यवसाय सुरू केला. राइट यांच्याच कार्यालयात मॅरियन माहनी या विलक्षण प्रतिभेच्या वास्तुविशारद काम करीत होत्या. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतून १८९४ मध्ये पदवी घेतलेल्या मॅरियन या वास्तुव्यवसायाचा परवाना मिळविणाऱ्या जगातील पहिल्या काही स्त्रियांपैकी एक होत्या. रेखांकनात त्यांचा हात धरणारा तेव्हा क्वचितच कोणी असेल. जून १९११ मध्ये वॉल्टर आणि मॅरियन विवाहबद्ध झाले.

न पाहिलेल्या भूमीचा आराखडा

ऑस्ट्रेलियातील सहा वसाहती १९०१ मध्ये एकत्र येऊन संघराज्य स्थापन झाले. राजधानी सिडनीत असावी की मेलबर्नमध्ये, या वादातून मार्ग काढण्यासाठी तिसरेच स्थळ निवडण्याचे ठरले. मोलोंग्लो नदीच्या खोऱ्यातील मेंढ्यांच्या कुरणांची, टेकड्यांनी वेढलेली जागा निश्चित झाली. १९११ मध्ये २५ हजार लोकवस्तीच्या शहरासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर झाली. स्पर्धकांना समोच्च रेषांचे नकाशे, परिसराची रंगीत चित्रे आणि भूप्रदेशाची माहिती पुरविण्यात आली.

स्पर्धेच्या अटींवरून मात्र सुरुवातीलाच वाद उद्भवला. अंतिम निर्णय तज्ज्ञ परीक्षकांचा नव्हे, तर मंत्र्यांचा राहणार होता. या कारणाने ब्रिटनच्या वास्तुविशारदांच्या प्रमुख संस्थेने आपल्या सदस्यांना स्पर्धेपासून दूर राहण्यास सांगितले. तरीही जगभरातून १३७ आराखडे आले. २३ मे १९१२ रोजी मंत्री किंग ओ'मॅली यांनी ग्रिफिन यांना प्रथम पारितोषिक जाहीर केले. दुसरा क्रमांक फिनलंडचे एलिएल सारिनेन यांना, तर तिसरा फ्रान्सचे आल्फ्रेद आगाश यांना मिळाला. परीक्षकांमध्येही एकमत नव्हते. मंडळाच्या अध्यक्षांनी बहुमताच्या विरोधात जाऊन एका ऑस्ट्रेलियन गटाच्या आराखड्याला पसंती दिली होती.

ग्रिफिन यांनी ऑस्ट्रेलियाची भूमी तोवर पाहिलेलीही नव्हती. तरीही त्यांच्या आराखड्याचे मोठेपण त्या भूमीला दिलेल्या मानात होते. टेकड्या म्हणजे बांधकामातील अडथळे असे न मानता त्यांनी शहराच्या मुख्य रेषा टेकड्यांच्याच आधारे आखल्या. माउंट एन्स्ली या टेकडीपासून निघून कुराजोंग टेकडीवरून दूरच्या पर्वताकडे जाणारा भू-अक्ष आणि ब्लॅक माउंटनपासून निघून त्याला काटकोनात छेदणारा जल-अक्ष हा या रचनेचा कणा होता. मोलोंग्लो नदीवर बांध घालून मध्यभागी तीन भूमितीय आकारांचे जलाशय आणि दोन्ही बाजूंना नैसर्गिक वळणांची दोन सरोवरे निर्माण करायची होती. सरकारी इमारती, नागरी केंद्र आणि बाजारपेठ यांना जोडणारा रुंद रस्त्यांचा त्रिकोण शहराच्या मध्यभागी होता.

या मांडणीत एक राजकीय विचारही होता. सर्वांत उंच कुराजोंग टेकडीवर संसद भवन ठेवलेले नव्हते. तेथे पायऱ्यापायऱ्यांच्या शिखराचे कॅपिटॉल नावाचे भवन असावे, राष्ट्राच्या स्मृती आणि लोकांच्या कर्तृत्वाचे ते स्थान असावे, अशी कल्पना होती. संसदेची जागा त्याच्या खालच्या, कॅम्प हिल या टेकडीवर होती. लोकप्रतिनिधींच्या वर लोक, असा या उंचींचा अर्थ होता.

हे सारे परीक्षकांच्या मनावर ठसले, त्यात मॅरियन यांचा वाटा फार मोठा होता. कापडावर काढलेली, सोनेरी आणि तपकिरी छटांची त्यांची भव्य रेखाचित्रे आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहेत. पारितोषिक मात्र एकट्या वॉल्टर यांच्या नावे जाहीर झाले.

अधिकाऱ्यांचा आराखडा

निकालानंतर काही आठवड्यांतच पारितोषिक मिळालेले आराखडे सरकारी अधिकाऱ्यांच्या एका मंडळाकडे तपासणीसाठी गेले. नोव्हेंबर १९१२ मध्ये मंडळाने अहवाल दिला. कोणताही विजयी आराखडा जसाच्या तसा स्वीकारण्याजोगा नाही, असा निष्कर्ष काढून मंडळाने स्वतःचाच आराखडा पुढे केला. निरनिराळ्या स्पर्धकांच्या कल्पनांचे तुकडे त्यात एकत्र जोडलेले होते. सरकारने तो मान्यही केला. १२ मार्च १९१३ रोजी शहराचे कॅनबेरा असे नामकरण झाले, तेव्हा प्रत्यक्ष जमिनीवर जे काम सुरू होते ते या मंडळाच्या आराखड्यानुसार. स्पर्धेचा विजेता त्या वेळी हजारो मैल दूर शिकागोत होता.

व्यावसायिक वर्तुळात या प्रकारावर टीका झाली. १९१३ च्या मध्यास सत्तांतर होऊन नवे सरकार आले आणि त्याने ग्रिफिन यांना सल्लामसलतीसाठी पाचारण केले. ऑगस्ट १९१३ मध्ये ते सिडनीत पोहोचले. कॅनबेराची भूमी पाहून त्यांनी स्वतःच आपल्या मूळ आराखड्यात सुधारणा केल्या. कागदावरची रेषा आणि जमिनीचा उतार यांचा मेळ घालण्यासाठी फेरफार करावे लागतात, हे ते जाणून होते. मूळ विचाराला धक्का न लावता होणाऱ्या बदलांना त्यांचा विरोध नव्हता. ऑक्टोबर १९१३ मध्ये अधिकाऱ्यांचे मंडळ बरखास्त झाले आणि ग्रिफिन यांची संघीय राजधानीच्या रचना व बांधकामाचे संचालक म्हणून तीन वर्षांसाठी नियुक्ती झाली.

मंडळ गेले, पण अधिकारी आपापल्या खात्यांत कायम होते. ज्यांचा आराखडा बाजूला सारला गेला, त्यांच्याकडूनच ग्रिफिन यांना नकाशे, मोजणीची माहिती आणि मनुष्यबळ मिळवायचे होते. भूमापन, रस्ते, पाणीपुरवठा, बांधकाम या प्रत्येक बाबतीत कागदपत्रे अडू लागली. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि पैशाचा ओघ आटला. संसद भवनासाठी जाहीर झालेली आंतरराष्ट्रीय वास्तुस्पर्धा युद्धामुळे स्थगित झाली आणि पुढे रद्दच करण्यात आली.

१९१६ मध्ये या साऱ्या वादाच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. १९१७ मधील त्याच्या अहवालाने ग्रिफिन यांची बाजू बहुतांशी उचलून धरली. त्यांच्या कामात अडथळे आणले गेले आणि आवश्यक माहिती त्यांच्यापासून दूर ठेवली गेली, असा आयोगाचा निष्कर्ष होता. ग्रिफिन यांना काही काळ मोकळा हात मिळाला. रुंद रस्त्यांच्या मुख्य रेषा जमिनीवर आखल्या गेल्या, टेकड्यांवर वृक्षारोपण झाले. परंतु त्यांच्या कारकिर्दीत कॅनबेरात एकही महत्त्वाची इमारत त्यांच्या रचनेनुसार उभी राहिली नाही. १९२० च्या अखेरीस सरकारने नवी सल्लागार समिती नेमण्याचे ठरविले आणि ग्रिफिन यांना तिचे एक सदस्यत्व देऊ केले. संचालकाच्या अधिकाराऐवजी समितीतील एक मत स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला. कॅनबेराशी असलेला त्यांचा अधिकृत संबंध तेथेच संपला.

रेषा राहिल्या, वास्तू बदलल्या

यानंतर जे घडले, ते स्पर्धेतील आराखड्यांच्या वाट्याला नेहमी येणाऱ्या नशिबाचे ठळक उदाहरण आहे. १९२५ मध्ये कॅनबेराचा आराखडा सरकारी राजपत्रात प्रसिद्ध झाला आणि त्यात बदल करायचा तर तो प्रस्ताव संसदेसमोर ठेवणे कायद्याने बंधनकारक झाले. ग्रिफिन यांच्या कामाला मिळालेले हे मोठे संरक्षण होते. मात्र राजपत्रातील नकाशा मुख्यतः रस्त्यांचा होता. कोणत्या रस्त्यावर कोणत्या प्रकारची वस्ती असावी, इमारती किती उंच असाव्यात, कोठे बाजार भरावा, हे त्यात नव्हते. रस्त्यांच्या कडेने सलग इमारती, ट्रामगाड्या आणि गजबज असलेले शहर ग्रिफिन यांच्या डोळ्यांसमोर होते. प्रत्यक्षात बागांमध्ये विखुरलेल्या बैठ्या घरांचे विरळ नगर आकाराला आले. शहराचा सांगाडा ग्रिफिन यांचा, पण त्यावरील देह इतरांचा, अशी ही स्थिती होती.

संसदेचे तर आणखी वेगळे झाले. कायमस्वरूपी भवनाचा खर्च परवडणारा नसल्याने तात्पुरती इमारत बांधण्याचे ठरले. सरकारी वास्तुविशारद जॉन स्मिथ मर्डॉक यांनी तिची रचना केली. ही इमारत कॅम्प हिलच्या समोर, थेट भू-अक्षावर येणार होती. कायमच्या भवनासमोरील मोकळी जागा त्यामुळे अडेल, असा आक्षेप ग्रिफिन यांनी नोंदविला. त्याचा उपयोग झाला नाही. ९ मे १९२७ रोजी या तात्पुरत्या भवनाचे उद्घाटन झाले आणि संसद तेथे १९८८ पर्यंत भरत राहिली.

माउंट एन्स्लीच्या पायथ्याशी, भू-अक्षाच्या टोकाला, ग्रिफिन यांनी लोकांच्या करमणुकीचे उद्यानगृह कल्पिले होते. तेथे १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे युद्ध स्मारक उभे राहिले. ज्या ठिकाणी बाजारपेठेचे केंद्र व्हायचे होते, त्या रसेल भागात पुढे संरक्षण खात्याची कार्यालये आली. पहिल्या महायुद्धात हजारो तरुण गमावलेल्या देशाच्या गरजा १९१२ च्या गरजांहून वेगळ्या होत्या, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. आराखड्यातील प्रत्येक बदल द्वेषापोटी झाला नाही. काही बदल काळाने घडविले, काही तिजोरीने, तर काही केवळ विस्मरणाने.

सरोवराची कहाणी सर्वांत लांबली. खर्च, पूर आणि गाळ यांच्या भीतीने त्याचे काम दशकानुदशके रखडले. १९५० च्या दशकाच्या आरंभी पश्चिमेकडील सरोवर आराखड्यातून काढूनही टाकण्यात आले. १९५५ मध्ये सिनेटच्या समितीने मूळ कल्पनेकडे परतण्याचा आग्रह धरला आणि पंतप्रधान रॉबर्ट मेंझिस यांनी त्याला पाठबळ दिले. सप्टेंबर १९६३ मध्ये धरणाची दारे बंद झाली. दुष्काळामुळे पाणी साठण्यास वेळ लागला आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये सरोवराचे औपचारिक उद्घाटन झाले. ग्रिफिन यांनी काढलेली वर्तुळांसारखी नेमकी भूमिती काठांवर पूर्णपणे उतरली नाही आणि पूर्वेकडील मोठे सरोवर झालेच नाही. तरीही शहराच्या मध्यावर पाणी आले. या सरोवराला ग्रिफिन यांचे नाव आहे, तर त्याच्या धरणाला भूमापक चार्ल्स स्क्रिव्हनर यांचे. हयातीत या दोघांचे एकमेकांशी पटले नव्हते.

कॅनबेराबाहेरचे ग्रिफिन

राजधानी सुटली तरी ग्रिफिन दांपत्याने ऑस्ट्रेलिया सोडला नाही. मेलबर्न विद्यापीठातील न्यूमन कॉलेज, त्याच शहरातील कॅपिटॉल चित्रपटगृहाचे स्फटिकांसारखे झगमगणारे छत, लीटन आणि ग्रिफिथ या गावांची नगररचना ही त्यांची कामे आजही पाहता येतात. सिडनीजवळ कासलक्रॅग येथे १९२१ पासून त्यांनी एक वसाहत विकसित केली. तेथे रस्ते डोंगरउताराच्या वळणांनी गेले, घरे तेथीलच दगडाची आणि बैठी बांधली गेली आणि मूळ झाडी राखली गेली. कॅनबेरात जे करता आले नाही, ते त्यांनी येथे लहान प्रमाणात करून दाखविले.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत इमारतींची कामे थांबली. तेव्हा ग्रिफिन यांनी भागीदार एरिक निकोल्स यांच्यासह नगरपालिकांसाठी कचरा जाळण्याच्या भट्ट्यांच्या इमारती रचल्या. ज्या वास्तूकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते, तिलाही त्यांनी रेखीव रूप दिले. क्वीन्सलंडमधील इप्सविच येथील अशा एका इमारतीत पुढे नाट्यगृह सुरू झाले.

लखनौमधील अखेरचे पर्व

१९३५ मध्ये लखनौ विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी ग्रिफिन यांना भारतात येण्याची संधी मिळाली. त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ते येथे पोहोचले. थोड्या दिवसांसाठी आलेले ग्रिफिन येथेच रमले. १९३६ मध्ये मॅरियनही लखनौला आल्या. महमूदाबादच्या राजांसाठी ग्रंथालय, पायोनियर वृत्तपत्राच्या छापखान्याची इमारत, खासगी निवासस्थाने अशी एकामागून एक कामे त्यांच्याकडे आली. लखनौ येथील १९३६-३७ च्या औद्योगिक व कृषी प्रदर्शनाच्या अनेक वास्तूंची रचनाही त्यांनी केली. भारतीय वास्तुपरंपरेविषयी त्यांना मनापासून आदर होता. मात्र जुन्या घुमटांची आणि कमानींची नक्कल न करता येथील ऊन, पाऊस आणि जीवनपद्धती यांना साजेशी आधुनिक वास्तू घडवावी, अशी त्यांची धडपड होती.

अवघ्या पंधरा महिन्यांच्या या काळात त्यांच्या हातून विपुल रेखांकने झाली, पण त्यांपैकी थोडीच प्रत्यक्षात आली. ज्यासाठी ते भारतात आले, ते विद्यापीठाचे ग्रंथालयही त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये पित्ताशयाच्या विकारावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि ११ फेब्रुवारी १९३७ रोजी वयाच्या साठाव्या वर्षी लखनौ येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. लखनौच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. कबरीवर अनेक दशके नावाचा दगडही नव्हता. १९८८ मध्ये तेथे स्मृतिशिला बसविण्यात आली.

मॅरियन पुढे शिकागोला परतल्या. आपल्या आणि पतीच्या कामाचा विस्तृत वृत्तांत त्यांनी लिहिला. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. कॅनबेराच्या शताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, माउंट एन्स्लीवरील ज्या जागेवरून भू-अक्षाचे संपूर्ण दर्शन घडते, त्या जागेला त्यांचे नाव देण्यात आले.

दुसरी स्पर्धा

ग्रिफिन यांच्या कबरीवर दगड बसला, त्याच १९८८ साली ९ मे रोजी कॅनबेरात नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले. त्यासाठीही स्पर्धा घेण्यात आली होती आणि ३२९ रचनांमधून मिचेल, जर्गोला आणि थॉर्प या वास्तुसंस्थेची निवड झाली होती. या वेळी जागा होती कुराजोंग टेकडी, म्हणजेच आजची कॅपिटल हिल. ग्रिफिन यांनी लोकांसाठी राखलेल्या शिखरावर अखेर संसदच गेली. तथापि रोमाल्डो जर्गोला यांनी भवन टेकडीच्या माथ्यावर चढविण्याऐवजी टेकडीतच बसविले आणि त्याच्या छतावर हिरवळ ठेवली. प्रतिनिधी खाली आणि नागरिक वर, हा ग्रिफिन यांचा विचार अशा वेगळ्या रीतीने त्या वास्तूत उतरला.

कॅनबेराच्या उदाहरणावरून एक गोष्ट स्पष्ट होते. स्पर्धा आराखडा निवडून देते, पण तो राबविण्यासाठी लागणारा अधिकार, पैसा आणि सातत्य देत नाही. ग्रिफिन यांच्या आराखड्यातील इमारतींना पैसा हवा होता, म्हणून त्या सर्वप्रथम वगळल्या गेल्या. बाजारपेठेच्या आणि उद्यानगृहाच्या जागा काळाच्या ओघात दुसऱ्यांकडे गेल्या. रस्त्यांच्या रेषांना मात्र कायद्याचा आधार मिळाला आणि टेकड्यांना तर कोणीच हलवू शकत नव्हते. ज्या भागाची मुळे भूमीत रुजली होती, तोच टिकला. माउंट एन्स्लीवर उभे राहिले असता युद्ध स्मारक, सरोवर, जुने संसद भवन आणि त्यामागे नवे संसद भवन हे सारे एका सरळ रेषेत दिसते. या चारांपैकी एकाही इमारतीची रचना ग्रिफिन यांनी केलेली नाही आणि सरोवराचे काठही हुबेहूब त्यांचे नाहीत. ती सरळ रेषा मात्र त्यांचीच आहे.